उतरवायचा आकडा

फिल्टर बसवला की त्यावर आकडा लिहायचा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. बोटीच्या डिझेल इंजिनाचा फिल्टर दिसायला अगदी साधा असतो. बाहेरून पत्र्याचं नळकांडं, आत कागदाच्या घड्या. डिझेलमधला कचरा तो अडवतो आणि अडवता अडवता एक दिवस स्वतःच तुंबतो. तो तुंबला की इंजिन उपाशी राहतं आणि बोट जिथे असेल तिथेच थांबते. म्हणून अडीचशे तासांनी तो बदलायचा. इंजिन किती तास चाललं हे मीटर सांगतं. फिल्टर किती चालला हे कोणीच सांगत नाही, म्हणून लिहून ठेवायचं.

आता लिहायचं काय, यावरून आमच्या घरात भांडण होतं. बाबा उतरवायचा आकडा लिहीत. साडेबाराशे तासांवर बसवला तर त्यावर १५००. "बसवला कधी याच्याशी काय करायचंय? काढायचा कधी ते सांग," असं त्यांचं म्हणणं. मी चार बुकं शिकून आलेली, मी बसवल्याचा आकडा लिहायचे. एका शेडमध्ये दोन घड्याळं चालल्यासारखं ते होतं. बाबा डावरे होते. आकड्याखाली एक रेघ ओढत, उजवीकडून डावीकडे, आणि डाव्या टोकाला ती जराशी वर उचललेली असे. त्यावरून आकडा कोणाचा ते कळतं, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.

मी एकवीस वर्षांची होते आणि भाऊ सात वर्षांचा. बाबा आठवड्यातून एकदा बेटावरच्या दीपगृहाला सामान पोचवत. त्या सकाळी इंजिन सुरू करण्याआधी त्यांनी वरून हाक मारली, "फिल्टर बघ गं." त्या जुन्या इंजिनाच्या फिल्टरला तारेने पितळी बिल्ला लटकवलेला असे. अंधारात मी बिल्ला चाचपला, १५०० वाचलं. रेघ पाहिली नाही. वहीप्रमाणे इंजिनाचे तास १५१० झाले होते. मी ओरडून सांगितलं, "नुकताच बसवलाय बाबा, अजून दोनशे चाळीस तास आहेत."

"बरं," ते म्हणाले.

आकडा त्यांचा होता. मी माझा समजून वाचला; त्या आठवड्यात इतके फिल्टर बदलले होते की हाही त्यातलाच वाटला. दुपारी धुकं पडलं आणि बाबा परत आले नाहीत. बोटीची एक फळीसुद्धा सापडली नाही. माझी चूक मला तीन दिवसांनी वही चाळताना कळली. मी ती कोणाला सांगितली नाही, आई जिवंत असेपर्यंत तिलाही नाही. सत्तावीस वर्षं ती मी आवंढ्यासारखी गिळते आहे.

तेव्हापासून प्रत्येक आकड्याआधी मी 'बसवला' हा शब्द लिहिते. धक्क्यावरचे लोक हसतात. मला तिथे कोणी नावाने ओळखत नाही, 'बसवलाबाई' म्हणतात. म्हणोत बापडे.

आमची शेड धक्क्याच्या टोकाला आहे. पत्र्याच्या भिंती, एकच दार, एक जाळीची खिडकी. दाराच्या डाव्या हाताला बाबांनी वेल्डिंग करून बनवलेली निथळणी आहे. निथळणी म्हणजे सहा भोकांचा लोखंडी ट्रे. उतरवलेला फिल्टर तिच्यावर उपडा ठेवायचा, दिवसभरात आतलं डिझेल खालच्या कॅनमध्ये गळतं. शेडची किल्ली एकच. ती माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला असते. जेवायला मी एक वाजता कुलूप लावून घरी जाते आणि दोन वाजता परत येते. यात कधी दहा मिनिटांचा फरक पडत नाही. मला ओळखणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, तुम्हाला सांगून ठेवते.

आता बाबांचंच काम भाऊ करतो. त्याची बोट मोठी आहे, इंजिन चार सिलिंडरचं. माणूस लाखात एक, पण कामात ढिला. त्या मंगळवारी सकाळी सात वाजता तो दारात उभा राहिला.

"ताई, आटप. भरती साधायची आहे."

"दहाचे फिल्टर संपलेत. परवा येतील."

"मग जुनाच राहू दे की."

"त्याचे अडीचशे भरलेत, तो माझ्या डोळ्यांसमोर नको. दोनचा लावते. डिझेल आणखी स्वच्छ जाईल."

दहा आणि दोन हे मायक्रॉन. आकडा जितका लहान तितकं छिद्र बारीक. बोटीत फिल्टर दोन असतात. टाकीजवळचा पहिला जाडा लावायचा, इंजिनाजवळचा दुसरा बारीक. आधी चाळणं, मग वस्त्रगाळ. पहिलाच वस्त्रगाळ लावला तर सगळा गाळ त्याच्यावरच बसतो. हे मी स्वतः दहा जणांना शिकवलंय.

"बारीक चाळणीतून पीठ पडत नाही, असं तूच म्हणतेस ना?" भाऊ म्हणाला.

"मला शिकवू नकोस. टाकी शेवटची कधी धुतलीस ते सांग."

तो हसला. टाकी त्याने वर्षभर धुतली नव्हती हे मला माहीत होतं. तरी मी दोनचा लावला. डिझेलचा कॉक बंद केला, पट्ट्याच्या पान्याने जुना सैल केला, खालच्या काचेच्या वाटीतलं पाणी काढून टाकलं. नव्याच्या रबरी कडीला डिझेलचं बोट फिरवलं. कडी टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, त्याच्यापुढे नाही. कॉक उघडून हातपंप दाबत बुडबुडे संपेपर्यंत हवा काढली. मग मार्करने लिहिलं: बसवला ३४१२. शिवाय तसाच एक फिल्टर जादा म्हणून त्याच्या सीटखाली ठेवला, कोरा.

आठ वाजता तो निघाला. बेटापर्यंत चार तास, परत चार. टाकीत डिझेल वीस तासांचं. अकरा वाजता धुकं उतरलं आणि धक्क्याच्या टोकाचा खुंटासुद्धा दिसेना.

संध्याकाळी दीपगृहावरून निरोप आला की बोट पोचलीच नाही.

बुधवारी धुक्यातच शोध सुरू झाला. भावजय सकाळी शेडमध्ये आली आणि स्टुलावर बसली. ती शिवणकाम करते, हात कधी रिकामे नसतात. त्या दिवशी ते मांडीवर नुसते पडलेले होते.

"ताई, इंजिन तर तुम्हीच पाहिलं होतं ना?"

"हो."

"मग इंजिनाचं काही नसेल," ती म्हणाली आणि तिला जरा बरं वाटलेलं मला दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकाच बाईने, एकाच घरातल्या दोन माणसांना, दोनदा फिल्टरने. मी कपाटाकडे तोंड करून उगीच पाने पुसत बसले.

गुरुवारी दोन वाजता जेवून आले, कुलूप काढलं. जेवण कसलं, दोन घास. निथळणीवर एक फिल्टर उपडा होता.

मी जाताना निथळणी रिकामी होती. अशा गोष्टी मी चुकत नाही. तरी आधी मनात आलं की ताणाने विसरले असेन. मी फिल्टर उचलला आणि पटकन खाली ठेवला. तो गरम होता. तासभर चाललेल्या इंजिनावरून उतरवलेला फिल्टर असतो तसा, हाताला चटका न देणारा पण सोडावासा वाटणारा. फडक्यात धरून फिरवला. माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, बसवला ३४१२, मंगळवारची तारीख.

खिडकीची जाळी तपासली. पत्रे एकेक करून दाबून पाहिले. कुलूप उघडून बंद करून पाहिलं. मग मी जे नेहमी करते तेच केलं. करवतीने फिल्टर कापला आणि आतल्या कागदाच्या घड्या उलगडल्या. काळा, बुळबुळीत गाळ, घडी न घडी भरलेली. जे होणार हे मला माहीत होतं तेच झालं होतं. फरक इतकाच की तो फिल्टर समुद्रात असायला हवा होता आणि माझ्या टेबलावर होता.

कोणाला सांगणार? भावजयीला सांगितलं असतं तर तिने एक तर माझ्यावर विश्वास ठेवला असता किंवा नसता, आणि दोन्हीची मला भीती वाटत होती. मी तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

शुक्रवारी सकाळी बंदरावरचे अधिकारी आले. सज्जन गृहस्थ, टोपी हातात धरून बोलत होते.

"डिझेल वीस तासांचं होतं, बाई. आज चौथा दिवस. धुकंही उठत नाहीये. माझी माणसं मी किती दिवस बाहेर ठेवू?"

"आजचा दिवस," भावजय म्हणाली.

"आजचा ठेवतो," ते म्हणाले. पण टोपी त्यांनी डोक्यावर घातली नाही, त्यावरून त्यांनी आशा सोडलीय हे मी समजले.

त्याच दिवशी दहाच्या फिल्टरांचं खोकं आलं. काय उपयोग, असं म्हणत मी ते टेबलाखाली सरकवलं आणि एक वाजता भावजयीला घेऊन घरी गेले. दोन वाजता दार उघडलं तेव्हा ती माझ्या मागेच होती.

निथळणीवर दुसरा फिल्टर होता. भोकातून डिझेल गळत होतं, थेंब थेंब, खालच्या कॅनमध्ये त्याचा आवाज होत होता. मी जवळ गेले. हा दोनचाच, पण माझा शब्द त्यावर नव्हता. मी सीटखाली ठेवलेला तो कोरा. आता त्यावर आकडा होता, ३४९०.

मी तो माझ्या सवयीने वाचला. बसवला ३४९०. मग हिशोब केला आणि तो जुळेना. मंगळवारी सकाळी आठला मीटर ३४१२ होतं. आज शुक्रवार, दुपारचे दोन. मधे गेले अठ्ठ्याहत्तर तास. इंजिन एक क्षणही न थांबता चाललं असेल तर मीटर आत्ता, या मिनिटाला, ३४९० वर आलं असेल. मग हा फिल्टर या मिनिटाला बसवलेला कसा असेल? तो तर माझ्यासमोर निथळत होता.

बसवलेला नव्हे. उतरवलेला.

मी तो उजेडाकडे धरला. आकड्याखाली रेघ होती. उजवीकडे जाड, डावीकडे बारीक होत गेलेली आणि टोकाला जराशी वर उचललेली.

भाऊ फिल्टरवर काहीही लिहीत नाही. त्याला लिहायला लावण्यासाठी मी वर्षानुवर्षं त्याचं डोकं खाल्लंय. बाबांच्या आकड्याची रीत त्याला ठाऊकच नाही.

"ताई, काय आहे?" भावजयीने विचारलं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्याच्याकडे जादा फिल्टर एकच होता. तो इथे आहे. म्हणजे तिथे आत्ता बसवायला काही नाही.

वेड लागलं असेल तर लागो. पण वेड लागलं तरी काम नीट करावं. मी खोकं फोडलं. कपाटात तीसचाही एक फिल्टर होता. तीसचा जास्त वेळ तुंबला नसता, पण गाळ पुढच्या फिल्टरवर गेला असता आणि तो इंजिनाच्या मागे आहे, डोलत्या बोटीत त्याच्यापर्यंत हात पोचत नाही. दहाच. या वेळी मी दोनदा विचार केला, तिसऱ्यांदाही केला. रबरी कडीला डिझेलचं बोट फिरवलं. मार्कर उचलून लिहिलं, बसवला, आणि पुढे थांबले. आकडा लिहिणारी मी कोण? जागा कोरी सोडली आणि फिल्टर निथळणीवर ठेवला.

मग भावजयीला बाहेर काढलं, दार ओढून घेतलं, कुलूप लावलं.

आम्ही दोघी दाराला पाठ लावून उभ्या राहिलो. समोर धुकं, पायाखाली पाणी. पाच मिनिटं झाली असतील.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आत धूर येतोय का?"

येत होता. डिझेलच्या धुराचा वास, चालत्या इंजिनाचा. शेडमध्ये त्या दिवशी एकही इंजिन नव्हतं.

"आत कोण आहे?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

पाठीमागचा पत्रा थरथरत होता. अगदी बारीक.

मग थांबला.

मी कुलूप काढलं. शेड रिकामी होती. निथळणी रिकामी होती. कॅनमधलं डिझेल मात्र अजून हलत होतं.

भावजयीने निथळणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती पटकन घाबरणारी नाही. पुढे झाली आणि दोन्ही हातांनी माझा तेलकट हात धरला.

"गेला ना तो? त्याच्याकडे?"

"गेला," मी म्हणाले. कोणाकडे, ते मी बोलले नाही.

शनिवारी निथळणीवर काही आलं नाही. रविवारी दुपारपर्यंतही नाही. फिल्टर परत आला नाही याचे दोन अर्थ होतात आणि मी दिवसभर त्या दोहोंमध्ये येरझाऱ्या घालत होते. भावजय मात्र ठामपणे एकाच बाजूला होती. "चाललाय म्हणून आला नाही," ती म्हणे आणि तिने मशीनवर काम सुरूसुद्धा केलं होतं.

रविवारी साडेतीनला धुकं उठलं. चार वाजता बोट धक्क्याला लागली.

भाऊ उडी मारून उतरला आणि आम्हा दोघींकडे बघून चपापला. धक्क्यावर तोवर पन्नास माणसं जमली होती.

"काय झालं? कोण गेलं?" त्याने विचारलं.

भावजय त्याच्या गळ्यात पडून रडली, हसली, मग त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. त्याची दाढी वाढलेली नव्हती. शर्ट मंगळवारचाच, इस्त्री मोडली नव्हती. मी बोटीत उतरले आणि त्याचा जेवणाचा डबा उघडला. न खाल्लेला होता. कोमट होता.

"धुक्यात दोन तास अडकलो," तो सांगत होता. "म्हटलं बेट काही सापडत नाही, परत फिरावं. इंजिन? ते एकदाही थांबलं नाही, ताई. मी तर खाली उतरलोसुद्धा नाही."

"आज कुठला वार आहे?"

"मंगळवार," तो म्हणाला आणि लोकांची तोंडं बघायला लागला.

मी इंजिनाच्या खणात उतरले. मीटरवर ३५४० होते. मंगळवार सकाळपासून रविवार चारपर्यंत एकशे अठ्ठावीस तास, एकही कमी नाही. डिझेलचा काटा अर्ध्यावर. पहिल्या फिल्टरच्या जागी माझा दहाचा होता. माझ्या अक्षरात 'बसवला' आणि पुढे कोरी जागा. खाली दुसऱ्या हाताने ३५४०, आणि रेघ.

वर भाऊ बंदर अधिकाऱ्यांना विचारत होता, "माझ्याबरोबर आलेली बोट कुठे गेली?"

"कुठली बोट?"

"दिसली नाही, पण शेजारून चालली होती. जुनं इंजिन असावं, एका सिलिंडरचं. टुक टुक टुक, मधेच एक ठोका खायचं. त्या आवाजाच्या मागे मागे तर आलो. खाडीच्या तोंडाशी थांबला आवाज."

बाबांचं इंजिन चारातला एक ठोका खायचं. त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. मला लांबून ओळखू यावं म्हणून, असं म्हणायचे.

मी खणातच बसून राहिले. कोणाला वाटलं असेल फिल्टर काढतेय. काढतही होते. आकडा आला होता ना.

सोमवारी डॉक्टरांनी भावाला तपासलं, काही निघालं नाही. मंगळवारी त्याने टाकी धुतली, न सांगता. बुधवारी दोन वाजता मी जेवून आले तेव्हा निथळणीवर तिसरा फिल्टर होता.

हा पत्र्याचा नव्हता. जाड लोकरी कापडाच्या चकत्या एका सळईवर रचलेल्या, हल्ली असला फिल्टर कोणी बनवत नाही. काळाठिक्कर पडलेला आणि गरम. सळईला तारेने पितळी बिल्ला बांधला होता. मी तो फडक्याने पुसला. १५००. खाली रेघ.

भाऊ आणि भावजय आले तेव्हा मी स्टुलावर तो मांडीत घेऊन बसले होते आणि साडीला डाग पडत होते. मी दोघांना सगळं सांगितलं, सत्तावीस वर्षांपूर्वीचं आधी. बाबांची हाक, बिल्ला, मी ओरडून दिलेलं उत्तर. बोलताना माझा आवाज फुटला आणि मी तो फुटू दिला.

भाऊ बराच वेळ बिल्ला उलटसुलट करत राहिला.

"म्हणजे हा बदलायचा होता," तो म्हणाला.

"हो."

"मग बदलू या ना. उशीर झाला म्हणून फिल्टर बदलू नये, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

त्याच्या स्वभावात मस्करी आहे हे मला माहीत होतं. पण त्याचे डोळे भरलेले होते.

मी त्या दिवशी एक हिशोब केला. माझ्या भावाला धुक्यात दोन तास वाटले तेव्हा इथे ते धुकं एकशे चोवीस तास होतं. एकाला बासष्ट. त्या मापाने सत्तावीस वर्षं म्हणजे पाच महिने. जगातलं कुठलंही गणित असं चालत नाही हे मला कळतं. पण माणूस पाच महिने तग धरू शकतो, एवढंच मी मनाशी घोकत राहिले.

चकत्यांचं माप घेतलं. भावजयीने तिचा थंडीचा जाड लोकरी कोट कात्रीखाली घातला. "जुना झाला होता," ती म्हणाली. खोटं बोलत होती, मागच्या वर्षीचा होता. तिने एकवीस चकत्या कापल्या, एकीलाही धागा सुटला नाही. गुरुवारी बारा वाजता मी त्या सळईवर चढवल्या, डिझेलमध्ये बुडवून निथळल्या, आणि कोरा बिल्ला घेऊन बसले.

'बसवला' लिहायला गेले आणि हात थांबला. पहिल्यांदाच मी त्यांच्या रीतीने लिहायचं ठरवलं. उतरवायचा. पण आकडा कुठला? किती तासांचा पल्ला उरलाय हे मला कसं कळावं? शेवटी खिळ्याने कोरलं: उतरवायचा घरी. खाली रेघ ओढली, उजवीकडून डावीकडे. माझी ती वाकडी आली.

एक वाजता कुलूप लावलं. दोन वाजता उघडलं. निथळणी रिकामी होती.

चार वाजता आम्ही तिघं शेडबाहेर होतो. ऊन स्वच्छ होतं. खाडीच्या तोंडापर्यंत पाणी मोकळं, एक होडीसुद्धा नाही.

भावजयीने सुई थांबवली. "ताई, कुठलं इंजिन हे?"

टुक, टुक, टुक. मग एक ठोका नाही. टुक, टुक, टुक.

"हाच," भाऊ म्हणाला. "हाच आवाज."

आवाज खाडीत तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाजवळून आला. मग बोयाच्या अलीकडून. पाण्यावर काहीही नव्हतं, लाटसुद्धा नाही. तो धक्क्याच्या शेवटच्या खुंट्यासमोर आला, मंद झाला, आणि थांबला.

डिझेलच्या धुराचा वास आला.

मी दोराचं वेटोळं उचललं. बाबांची बोट लागताना लहानपणी फेकायचे तसं, डावीकडे वळून, थोडं पुढे, रिकाम्या उन्हात फेकलं.

दोर पाण्यात पडला नाही.